हट्ट्याच्या शाळेची तुटणारी लाईन

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. संगणकाच्या कामात तो उपयोगी पडतो. शांत माणूस बिघडलेला प्रोग्राम काढून टाकतो आणि दुसरा घेतो. मला त्याच्याशी भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

नांदेडहून संगणकाचा डिप्लोमा करून मी आखाडा बाळापूरला घरी परत आले, तेव्हा आमचा हिंगोली जिल्हा नवा नवा होता आणि गावोगावच्या शाळांत संगणकही नवे नवे येत होते. एका शिक्षणसंस्थेच्या दोन शाळा होत्या, एक हट्ट्याला आणि एक शिरड शहापूरला. तिथल्या संगणकांची देखभाल मी करायला घेतली होती. देखभाल म्हणजे मुख्यतः एसटीचा प्रवास. शाळेतून फोन यायचा, "ताई, संगणक बंद पडलाय." मी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, सीड्या आणि भाकरी घेऊन निघायचे, वसमतला गाडी बदलायचे, हट्ट्याला पोचायचे आणि नम लॉकचं बटण दाबून परत यायचे. आकडे उमटत नाहीत, एवढीच तक्रार असायची. एकदा तर नुसता माऊसच्या गोळीला चिकटलेला मळ नखानं खरवडून आले होते. अख्खा दिवस त्यात गेला.

बाबांना याचं फार हसू यायचं. बाबा टेलिफोन खात्यात लाईनमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. उभी हयात खांबावर चढण्या-उतरण्यात गेली होती. उन्हातान्हात आपण जे केलं ते केलं, लेकीनं मात्र पुण्याला मोठ्या इमारतीत, थंडगार खोलीत बसून नोकरी करावी, हा त्यांचा हट्ट. आणि तशी नोकरी मला लागलीही होती. त्या कंपनीचं पत्र येऊन टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली पडलं होतं. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं.

मला जायचं नव्हतं. त्यामागे काही थोर विचार होता असं नाही. मला आमचं गाव आवडत होतं, आईच्या हातचं वरण आवडत होतं, आणि डोक्यावर साहेब नको होता. यावरून घरात आठवडाभर धुसफूस झाली आणि शेवटी बाबांनी करार केला.

"दिवाळीच्या सुट्टीच्या आत संस्थेचं वर्षाचं काम पक्कं झालं तर ऱ्हा इथं. न्हाई झालं तर गुमान पुण्याची गाडी धरायची," ते म्हणाले. "अन् एक सांगतो. दोन गाड्या बदलून बटन दाबाय जाणं, ह्याला मी काम म्हणत न्हाई."

हे बटणाचं बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. एसटी वाचवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला एक प्रोग्राम सापडला होता. दूरच्या संगणकाची स्क्रीन तो आपल्या स्क्रीनवर दाखवायचा. आपण इथं माऊस हलवला की तिथला बाण हलायचा, इथं टाईप केलं की तिथं अक्षरं उमटायची. प्रोग्राम फुकट होता आणि त्याचा सगळा कोड उघडा होता, ज्याला वाटेल त्यानं आत शिरून दुरुस्त करावा. कुठल्याशा बर्फाळ देशातले एक गृहस्थ त्याची काळजी वाहत होते आणि लोकांनी ईमेलनं पाठवलेल्या दुरुस्त्या तपासून आत घालत होते. मी हट्ट्याच्या शाळेत त्याचा एक भाग बसवून आले. घरी आल्यावर फोनच्या तारेवरून संगणकाला बोलतं करणाऱ्या माझ्या मोडेमनं शाळेच्या मोडेमला सरळ फोन लावला, जोडणीची ती ओळखीची किंचाळी झाली, आणि हट्ट्याची स्क्रीन वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागली. मी आईला हाका मारून बोलावलं. आई पदराला हात पुसत आली, अर्धी स्क्रीन उतरेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि गेली.

पूर्ण उतरल्यावर लक्षात आलं की सगळं निळं दिसतंय. हट्ट्याच्या मुख्याध्यापकांनी नातवाचा फोटो स्क्रीनवर लावला होता. ते गुटगुटीत लेकरू निळंशार झालं होतं. फोनची लाईन बारीक, म्हणून मी कमी रंगांत चित्र मागवत होते, आणि त्या कमी रंगांच्या हिशेबात प्रोग्राम तांबड्याच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी तांबडा घालत होता. मी चिडून बाबांना दाखवलं.

बाबांनी जरा निरखून पाहिलं. आमच्या घराच्या दाराला, खिडक्यांना आणि आईच्या सणाच्या लुगड्याला कोणता रंग आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीतला कोटही त्याच रंगाचा होता. "निळं दिसून राहिलं म्हणून तक्रार?" बाबा म्हणाले. "अन् ती बी आपल्या घरात?"

पण तो दोष मी काढलाच. दोन ओळींची अदलाबदल होती, सापडायला तीन दिवस लागले. दुरुस्ती पाठवली. बर्फाळ देशातल्या गृहस्थांचं उत्तर आलं की दुरुस्ती बरोबर आहे, फक्त ओळींच्या सुरुवातीची जागा नीट सोडत जा. मला राग आला. माझ्या वहीतलं अक्षर सुधारायला निघालेल्या गुरुजींसारखं ते वाटलं. मग मी जागा नीट सोडून पुन्हा पाठवली.

त्याहून चिवट दोष शिफ्टच्या बटणाचा होता. मी इथं शिफ्ट दाबून धरलेलं असताना लाईन तुटली, की बटण सुटल्याची खबर हट्ट्याला पोचायचीच नाही. तिथला संगणक बिचारा ते दाबलेलंच धरून बसायचा. मग मुख्याध्यापक पालकांना पत्र लिहायला बसले की मराठी अक्षरांच्या जागी भलतीच अक्षरं उमटायची. "ताई, तुमी येऊन गेल्यावर हे मशीन जरा बिथरतं," ते फोनवर म्हणाले. बोलायला फार गोड माणूस. मी सांगितलं, दोन्हीकडचं शिफ्ट एकेकदा दाबून सोडा. आणि प्रोग्रामात अशी सोय केली की पुन्हा जोडणी झाली की त्यानं आधी दाबून धरलेली सगळी बटणं सोडल्याचा निरोप द्यायचा, मगच पुढचं बोलायचं.

हे सगळं गमतीनं चाललं असतं. पण मुळात लाईन तुटायची ती तुटायचीच.

आणि कशी तुटायची! काम सुरू केलं की पाच मिनिटं बरी जायची, दहा मिनिटं जायची, मी एखाद्या फायलीत हात घालायचे आणि फटकन सगळं बंद. प्रोग्रामची रीत अशी होती की लाईन गेली की एका ओळीचा निरोप द्यायचा आणि खिडकी मिटून टाकायची. मी पुन्हा फोन लावावा तर शाळेचा नंबर एंगेज. दोन-चार मिनिटांनी लागायचा. शिरड शहापूरची लाईन तासतासभर टिकायची, हट्ट्याची दहा मिनिटं नाही. मी मोडेम बदलला, वेग कमी केला, प्रोग्राममधली प्रत्येक अशी जागा तपासली जिथून तो जोडणी सोडू शकतो. वह्या भरल्या. काही सापडेना.

मुख्याध्यापकांनाही मी सरळ विचारलं होतं. "सर, मी काम करताना कुणी फोन उचलतं का? मोडेम त्याच तारेवर आहे, उचलला तर लाईन तुटते."

"छे छे! तुमचं काम चालू असलं की आमी कुणालाच फोन लावू देत न्हाई. मी स्वतः तिथंच बसलेला असतो की." मग जरा थांबून म्हणाले, "अन् ताई, तुमचा चहा आमी रोज तुमच्या संगणकापुढं ठेवतो बरं का. बाण हलताना दिसतो ना, मग माणूस घरी आल्यासारखंच वाटतं. शेवटी शिपाई मामा पिऊन टाकतात." मला हसू आलं. मी म्हटलं, मामांना सांगा, साखर कमी घालून प्या.

बाबांनाही म्हटलं, तुमच्या लाईनीतच काहीतरी खोट असणार. बाबांना 'तुमच्या लाईनीत' हे लागलं. निवृत्त झाले तरी हिंगोली ते हट्टा ही सगळी तार आपल्याच अंगणातली, अशी त्यांची समजूत होती. ओसरीत फोनची तार घरात येते तिथं एक छोटी डबी होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी आत कामात असताना ते ती डबी उघडून काहीतरी खुडबुड करत बसलेले दिसले. त्यांचा स्वतःचा एक जुना टेस्टिंगचा फोन होता. त्याचे दोन चिमटे तारेला लावले की लाईनीवर काय चाललंय ते ऐकू येतं आणि लाईनीला धक्काही लागत नाही.

"काही सापडलं?" मी विचारलं.

"लाईन बराबर हाय," बाबा म्हणाले आणि डबी बंद केली.

म्हणजे दोष माझ्याच प्रोग्राममध्ये होता. मी पुन्हा कंबर कसली. लाईन तुटायची थांबत नसेल तर निदान प्रोग्रामनं असं तोंड फिरवून तरी जाऊ नये, असं मी ठरवलं. आठवडाभर खपून मी त्याची रीतच बदलली. आता लाईन तुटली की खिडकी मिटायची नाही. शेवटचं चित्र जरा फिकट होऊन तसंच राहायचं, कोपऱ्यात वाट बघतोय असं लिहून यायचं, आणि लाईन आली की प्रोग्राम आपणहून पुन्हा जाऊन जोडला जायचा. बसमधल्या जागेवर रुमाल टाकून पाणी प्यायला उतरावं, तसं.

बर्फाळ देशातल्या गृहस्थांना ते पाठवलं. या वेळी त्यांचं लांब पत्र आलं. तुमच्याकडे लाईन इतकी कशी तुटते, असं त्यांनी मनापासून कुतूहलानं विचारलं होतं. त्यांच्याकडे ती तुटतच नव्हती, म्हणून ही उणीव त्यांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. आता बऱ्याच देशांतल्या लोकांना याचा उपयोग होईल, असंही लिहिलं होतं. चार-पाच दिवसांतच निघालेल्या नव्या आवृत्तीबरोबर मदत करणाऱ्यांची यादी आली, तिच्यात माझं नाव होतं, आणि ज्यानं त्यानं आपापलं ठिकाण लिहायचं असल्यामुळं नावापुढं आखाडा बाळापूर होतं.

ते पान मी छापून टेबलामागच्या भिंतीवर लावलं. बाबांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवत वाचली.

"हे आपलंच बाळापूर व्हय?"

"दुसरं कोणतं असणार?"

"अन् वाचतं कोण हे?"

"जो कुणी प्रोग्राम घेईल तो. कुठल्याही देशातला."

कागद जरा कलता लागला होता. बाबांनी खिळा काढला आणि तो सरळ करून पुन्हा ठोकला.

पण यादीत नाव आल्यानं संस्थेचं काम पक्कं होणार नव्हतं. संस्थेचे सचिव स्वतः हट्ट्याला येऊन बघणार होते. सुट्टीला आठवडा उरला होता. त्यांनी निरोप धाडला होता की घरून काम होतं म्हणता तर सलग एक तास करून दाखवा, मधेच तुटत असेल तर आपल्याला ते नको, आपण नांदेडचा माणूस बघू. पंधरा दिवसांत मी हट्ट्याला एकदाही सलग अर्धा तास टिकले नव्हते. प्रोग्राम आता पुन्हा जोडला जात होता हे खरं, पण सचिवांना पुन्हा जोडणं बघायचं नव्हतं. आदल्या दिवशी मी रुमालाखालचं पुण्याचं पत्र काढून वाचलं. कपडे कोणते न्यायचे याचा विचारही करून ठेवला. रडूही आलं, पण ते रागाचं होतं.

सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, वसमतला काम हाय म्हणून पहिल्याच गाडीनं गेले. मला बरंच वाटलं. पडताना बघायला एक माणूस कमी.

अकराला मी फोन लावला. किंचाळी झाली, हट्ट्याची स्क्रीन उतरली. नातू आता छान गोरागोमटा दिसत होता. मी मुलांच्या याद्या उघडल्या, छपाईची रखडलेली कामं मोकळी केली, नको त्या फायली साफ केल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझं अर्धं लक्ष कोपऱ्यात, आता फिकट होईल, मग होईल. वीस मिनिटं. अर्धा तास. सचिवांसारखा पाहुणा शाळेत बसलेला, आणि लाईन काही तुटेना. पाऊण तास झाला तेव्हा मला स्वतःच्याच कोडबद्दल आदर वाटायला लागला. बारा वाजले आणि पाच मिनिटं वर झाली.

मग मी हात लावलेला नसताना बाण हलला. तिकडून कुणीतरी लिहायचं पान उघडलं आणि अक्षरं सावकाश उमटायला लागली. मुख्याध्यापक दोन बोटांनी टाईप करायचे.

ताई अभिनंदन. साहेबांनी काम पक्के केले. तुमचे वडील इथेच बसले आहेत. आज चहा मामांनी पायी जाऊन आणला.

पहिल्या दोन वाक्यांना मी खुर्चीवरून उडाले. तिसऱ्याला थबकले. चौथ्याचा अर्थच लागेना. चहाचा काय संबंध?

बाबा संध्याकाळच्या गाडीनं आले. आईनं पाणी दिलं, ते ओसरीत टेकले आणि सगळं सांगितलं. शाळा गावाच्या जरा बाहेर होती. स्टँडवरच्या हॉटेलात फोन बसल्यापासून मुख्याध्यापक चहा फोनवरच सांगायचे. माझं काम सुरू झालं, बाण हलायला लागला, की त्यांच्या दृष्टीनं शाळेत माणूस कामाला आलेलं असायचं. कामाला आलेल्या माणसाला बिनचहाचं कसं ठेवायचं? ते रिसीव्हर उचलायचे, त्या मोडेमच्या किंचाळीतच ओरडायचे, "चार चहा, अन् एक ताईचा!" लाईन तुटायची. मग ते पुन्हा नीट फोन लावून सांगायचे, म्हणून मला नंबर एंगेज लागायचा. मला ते खोटं बोलले नव्हते. चहा सांगणं म्हणजे फोन करणं, हे त्या भल्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. आज सचिव आले तसा त्यांचा हात पुन्हा रिसीव्हरकडं गेला होता. बाबांनी तिथंच बसून रिसीव्हरला आपला रुमाल गुंडाळून गाठ मारली आणि शिपाई मामांना पायी धाडलं.

मी पोट धरून हसले. आई हसली. मग मला एक गोष्ट सुचली आणि हसू थांबलं.

"बाबा, चार चहा अन् एक ताईचा, हे तुम्हाला कसं माहीत?"

बाबा चपलेकडं बघत राहिले. "ऐकलं व्हतं. त्या डबीतून."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशीच."

मी पंधरा दिवस वह्या भरल्या होत्या. पंधरा दिवस मी त्या प्रोग्रामच्या आणि स्वतःच्या नावानं बोटं मोडली होती, आणि हा माणूस ओसरीत बसून सुपारी कातरत होता. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू इथंच ऱ्हायली असती," बाबा म्हणाले. "मला तुला पुण्याला धाडायचं व्हतं."

"मग आज काहून गेले?"

त्यांनी हातानं आत, टेबलामागच्या भिंतीकडं दाखवलं. "इतकी वर्षं खांबावर चढलो, पोरी. एका बी खांबावर माझं नाव न्हाई. गावाचं तर सोडूनच दे." मग म्हणाले, "पुण्याला गेली असती तर तिथं पुणं लिहिलं असतं."

माझा राग तिथंच विरला, असं मी म्हणणार नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण पुण्याचं पत्र बाबांनीच रुमालाखालून काढलं आणि आईला चुलीत घालायला दिलं.

एक गोष्ट मला त्यांच्यावर रुसलेली असतानाच कळली होती. बाबांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर चहा तेव्हाच पायी आला असता. लाईन तुटलीच नसती. पुन्हा जोडून घेणारा तो सगळा कोड मी लिहिलाच नसता, ते पान छापलंच गेलं नसतं, आणि त्यांनी ज्या कागदापायी आपला हट्ट सोडला तो कागद भिंतीवर आलाच नसता. माझं नाव त्या यादीत आलं ते त्यांच्या गप्प बसण्यानं.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते पंधरा दिवस गप्प राहिले होते, मी पंधरा वर्षं तरी काढली आहेत. त्यांना कळलं तर ते सगळ्या बाळापूरला सांगत फिरतील की ती दुरुस्ती मुळात आमीच केली.